सेहेचाळीस राखाडी पट्ट्या

लेबलकाकांना पहिल्यांदा भेटणारा माणूस पाच मिनिटांत वैतागायचा, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही त्यांच्या घरी गेलात, पाणी प्यालात, पेला टेबलावर ठेवलात, की ते तो उचलून दोन बोटं डावीकडे सरकवणार. का? तर पेल्याची जागा ती. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यावर 'साखर', मिठाच्या डब्यावर 'मीठ', आणि ज्यात काही नाही त्या डब्यावर चक्क 'रिकामा'. काकू म्हणायच्या, "मला झोपेत पालथी करून बघा, पाठीवर 'बायको' अशी चिठ्ठी चिकटवलेली सापडेल." पाहुणे हसायचे. काका नाही हसायचे. चिठ्ठीवरचा मजकूर बरोबर आहे, यात हसण्यासारखं काय, असा त्यांचा चेहरा असायचा.

एकतीस वर्षं त्यांनी औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासली. काचेच्या खोलीत उंच स्टुलावर बसायचं, समोरून बाटल्या सरकत जायच्या, आणि वाकडं, फाटकं, पुसट लेबल दिसलं की बाटली बाजूला. एकदा एका लेबलावरची एक ओळ केसभर खाली आली होती. काकांनी लाल बटण दाबून अख्खी लाइन बंद पाडली. साहेब धावत आले, वाट्टेल ते बोलले. तपासात निघालं की दुसऱ्याच औषधाची लेबलं या बाटल्यांवर चढत होती. तेव्हापासून कारखान्यात काकांचा शब्द खाली पडू देत नसत. आणि काकांच्या मनात एक गोष्ट कायमची बसली: सगळं एकसारखं असलं की माणसांचे जीव वाचतात. चूक नव्हती हो ती समजूत. पण माणूस एकदा बरोबर ठरला, की पुढं तो ऐकायचं बंद करतो.

लेक एकुलती एक. ती वैमानिक झाली. मोठ्या विमानांची नव्हे, दूरदूरच्या वस्त्यांवरून रुग्ण उचलून आणणाऱ्या एका सेवेत ती बारकं विमान चालवायची. पुढं ती, मागं एक नर्स आणि एक स्ट्रेचर, संपलं विमान. रोज सकाळी सात वाजता, निघण्याआधी, ती घरी फोन करायची. "बाबा, आज उत्तरेला." "बाबा, आज दक्षिणेला." फोन ठेवला की काकांच्या पोटात गोळा यायचा, तो संध्याकाळी तिचा दुसरा फोन येईपर्यंत तसाच राहायचा. काकूंना हे कधी बोलले नाहीत. काकूंना ते न बोलताच माहीत होतं.

निवृत्तीनंतर काका ज्ञानकोशाकडे वळले ते याच गोळ्यापायी. इंटरनेटवरचा तो मोठा ज्ञानकोश, ज्यात कुणीही लिहू शकतं, कुणीही दुरुस्ती करू शकतं. लेक ज्या धावपट्टीवर उतरणार तिचं पान काका उघडून बसायचे. पट्टी किती लांब, मातीची की डांबरी, जवळ डोंगर आहे का. सगळं वाचून झालं की जरा बरं वाटायचं. वाचता वाचता चुका दिसायला लागल्या, आणि चूक दिसल्यावर गप्प बसतील तर ते लेबलकाका कसले! त्यांनी खातं उघडलं. नाव ठेवलं, 'लेबलकाका'.

आता कोडची भानगड समजून घ्या, फार अवघड नाही. विमानतळाला नावाखेरीज कोड असतात. सामानाच्या चिठ्ठीवर छापतात तो तीन अक्षरांचा. वैमानिक वापरतात तो चार अक्षरांचा. आणि ज्या बारक्या पट्ट्यांच्या नशिबी हे दोन्ही नाहीत, त्यांना सरकारी खात्यानं दिलेला एक स्थानिक कोड. ज्ञानकोशाच्या प्रत्येक पानावर उजवीकडे माहितीची चौकट असते, तिच्यात हे कोड दाखवायचे. पण कसे? तिथं नुसता गोंधळ होता. कुठं तीन अक्षरी आधी, कुठं चार अक्षरी. कुठं नावापुढं, कुठं चौकटीच्या तळाशी. कुठं ठळक, कुठं तिरपे. आणि काही पानांवर तर कोड राखाडी रंगात, फिकट, डोळे ताणून वाचावा लागेल असा.

काकांना रात्र रात्र झोप येईना असं नव्हे, पण जेवताना घास हातात धरून ते म्हणायचे, "अगं, एकतीसशे पानं आणि एकतीसशे तऱ्हा!" काकू म्हणायच्या, "घास खा आधी, मग ज्ञानकोश वाचवा."

चार महिने खपून काकांनी नियमावली लिहिली. चौकटीत वरून तिसरी ओळ कोडची. तीन अक्षरी, मग चार अक्षरी, मग स्थानिक. एकच आकार, एकच काळा रंग. राखाडी बंद, कारण नजर कमजोर असलेल्यांना फिकट अक्षरं वाचता येत नाहीत. कारण एकदम रास्त होतं. काका चष्म्याशिवाय स्वतःसुद्धा वाचू शकत नसत. चर्चापानावर, म्हणजे लिहिणारे आपसांत बोलतात त्या पानावर, प्रस्ताव मांडला, आणि लोकांनी डोक्यावर घेतला. 'वा काका', 'हे कुणीतरी करायलाच हवं होतं', 'पूर्ण पाठिंबा'.

एकानं मात्र विरोध केला. त्याचं ज्ञानकोशातलं नाव वातकुक्कुट. छपरावर वाऱ्यानं फिरतो ना पत्र्याचा कोंबडा, तो. सगळे त्याच्या पाठीमागं त्याला कोंबडाच म्हणायचे. फार जुना माणूस, पूर्वी कुठल्याशा भूमापन खात्यात होता, आणि बोलायला महातिखट. नव्या माणसाला दोन ओळींत रडवायचा. त्यानं लिहिलं: "राखाडी रंग चुकून पडलेला नाही. जिथं पट्टी मेली तिथं आम्ही कोड राखाडी करतो. पहिल्यापासून करत आलोय. हात लावण्याआधी मला विचारा. आणि लेबलं चिकटवणाऱ्यांनी विमानतळ शिकवू नयेत."

शेवटच्या वाक्यानं काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आधीची चार वाक्यं त्यांनी वाचली होती बरं का. नीट वाचली होती. एक राखाडी पान उघडूनही पाहिलं. खाणीजवळच्या जुन्या पट्टीचं पान होतं ते. खाली मजकुरात लिहिलं होतं, खाण बंद पडल्यावर पट्टी सोडून दिली, पाणी वाहून जावं म्हणून मधोमध आडवा चर खणला आहे. काका मनाशी म्हणाले, 'मजकुरात दिलंय ना? मग झालं तर. रंगानं कशाला सांगायचं? असा नियम कुठं लिहिलाय?' आणि खरंच, तो कुठं लिहिलेला नव्हता. ज्ञानकोशात सुरुवातीपासून लिहिणाऱ्या चार-पाच जणांना तो माहीत होता, एवढंच.

त्यांनी उत्तर दिलं, "अलिखित संकेतांवर ज्ञानकोश चालत नाही." या वाक्याला सतरा जणांनी शाबासकी दिली. मतदान झालं. विरोधात एक मत. कोंबड्यानं पुन्हा काही लिहिलं नाही. काकांनी ते गप्प बसणं म्हणजे होकार धरला.

लेकीला विचारायचं त्यांच्या मनात दोनदा आलं होतं. एक साधा प्रश्न, 'तुम्ही लोक राखाडी कोड बघता का गं?' पण सगळं पुरं झाल्यावर तिला एकदम दाखवायचं, ती चकित होईल, असा बेत होता. म्हणून राहिलं.

बॉट, म्हणजे आपोआप पानं बदलत जाणारा प्रोग्राम, दुसऱ्या एका स्वयंसेवकानं लिहून दिला. कळ दाबायची ती काकांनी. मंगळवारी सकाळी नऊला दाबली, आणि जेवायच्या वेळेपर्यंत एकतीसशे पानं एकसारखी झाली. काका एकामागून एक पान उघडत होते. तिसरी ओळ, काळा रंग. तिसरी ओळ, काळा रंग. त्यांनी काकूंना हाक मारून बोलावलं. काकू ओले हात पदराला पुसत आल्या, बघितलं, म्हणाल्या, "छान. आता तरी बाजारात याल का माझ्याबरोबर?"

चौथ्या दिवशी त्यांच्या चर्चापानावर एक निरोप आला. लिहिणारी बाई म्हणत होती, वातकुक्कुट म्हणजे माझे सासरे. ते गेले. तुमचं मतदान चालू होतं तेव्हा ते दवाखान्यातच होते, तिथूनच लिहीत होते. शेवटच्या दिवसांत सारखं म्हणायचे, त्या मेलेल्या पट्ट्यांकडे कुणीतरी बघायला हवं. मला त्यातलं काही कळत नाही, पण तुमचं नाव दिसलं म्हणून कळवलं.

काकांनी निरोप तीनदा वाचला. मग खिडकी लावून घेतली.

त्यांनी मोजायला घेतलं. पानांचा जुना इतिहास ज्ञानकोशात जपून ठेवलेला असतो, पूर्वी कुठल्या पानावर काय होतं ते शोधता येतं. दुपार गेली, पण आकडा मिळाला. सेहेचाळीस. सेहेचाळीस पट्ट्यांचे कोड राखाडी होते. कुठं चर, कुठं झाडं उगवलेली, कुठं पट्टीवर गोदाम बांधलेलं, कुठं नदीनं अर्धी नेलेली. आता सगळे कोड काळेकुळकुळीत, जित्याजागत्या विमानतळांच्या कोडांसारखे. त्यांतल्या अकरा पट्ट्या लेकीच्या वाटांवर होत्या.

आता तुम्ही म्हणाल, मग दाबायचं ना उलटं बटण! होतंच की बटण. बॉटचं सगळं काम एका फटक्यात पूर्ववत करता येत होतं. पण मग एकतीसशेच्या एकतीसशे पानं पुन्हा विस्कटली असती, सतरा शाबासक्या देणाऱ्यांनी विचारलं असतं, काका, काय झालं? आणि काकांना लिहावं लागलं असतं, 'कोंबडा बरोबर होता.' मेलेल्या माणसापुढं हार मानायलासुद्धा माणसाचं मन धजत नाही, काय म्हणावं! लाल बटण दाबून अख्खा कारखाना थांबवणारा हाच तो गृहस्थ. दुसऱ्याची चूक होती तेव्हा त्यांना क्षणभरही वेळ लागला नव्हता.

त्यांनी दुसरा मार्ग काढला. एकेक पान हातानं राखाडी करायचं. रोज चार. एकदम केली तर कुणाच्या तरी डोळ्यावर येतील, म्हणून चारच. आणि प्रत्येक बदलाखाली कारण लिहावं लागतं तिथं लिहायचं, 'किरकोळ दुरुस्ती'. यादी कोडांच्या अक्षरक्रमानं लावली. क्रम सोडायचा नाही, ही जन्मभराची सवय. मनाची समजूतही घातली, की वैमानिक काय ज्ञानकोश बघून उतरतात? त्यांच्याकडे नकाशे असतात, रेडिओ असतो. हे त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की त्यांना ते कुणीतरी सांगितल्यासारखं वाटू लागलं.

घरात काकूंना काहीतरी वेगळं जाणवत होतं. काका पेला सरकवेनासे झाले. डब्यावर डबा उलटा ठेवला तरी गप्प. "बरं वाटत नाही का?" काकूंनी विचारलं. "वाटतंय की." "मग असे काय बसलात, कुणी काही बोललं का?" "कुणी नाही बोललं," काका म्हणाले. ते खरंच होतं.

नऊ दिवसांत छत्तीस पानं झाली. दहाव्या दिवशी सकाळी सात वाजता नेहमीसारखा फोन आला.

"बाबा, आज दक्षिणेला. खाणीच्या पलीकडची वस्ती. बाळंतीण अडलीय एक. परत येताना उशीर होईल, आईला सांग."

खाण. खाणीची पट्टी यादीत त्रेचाळिसावी होती. उद्या तिचा नंबर होता.

"बयो," काका म्हणाले.

"बोल ना."

सांगायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची? कोंबडा, मतदान, सतरा शाबासक्या... तिकडं इंजिनाची घरघर ऐकू येत होती, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"काही खाल्लंस का?" काकांनी विचारलं.

"खाल्लं रे बाबा! चल, ठेवते."

काका संगणकापाशी आले. मनात आलं, आधी त्रेचाळिसावं पान करून टाकावं. त्यांनी ते उघडलंही. मग वाटलं, मधली सहा सोडून हे केलं तर यादीत भोक पडेल, पुढं विसरायला होईल. क्रमानंच जाऊ, आज चाराऐवजी सात करू, दुपारपर्यंत तिथं पोचतोच. आणि ते सदतिसाव्या पानाला लागले. यावर मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा.

अडतीस झालं. एकोणचाळीसच्या वेळी कुणीतरी चर्चापानावर नियमावलीबद्दल काहीतरी विचारलं, त्याला सविस्तर उत्तर देण्यात पाऊण तास गेला. चाळीस झालं. खिडकीतून पाहिलं तर आभाळ उतरून आलं होतं, समोरच्या इमारतीचा वरचा मजला दिसेना. काकू कपडे काढायला गॅलरीत गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे ढग बघा किती खाली आलेत. पोर वर आहे."

काकांनी फोन उचलला. सेवेच्या ऑफिसात रेडिओवर जी बाई बसायची तिला सगळे रेडिओताई म्हणत. लेकीच्या जिवाभावाची, घरी येऊन गेलेली.

"काका, काळजी नको," ती म्हणाली. "वस्तीवर ढग टेकलेत, तिथं उतरता येईना. मी तिला खाणीच्या पट्टीवर पाठवलंय. तिथं मोकळं आहे. ढग उठले की पुढं जाईल."

"खाणीच्या?" काकांचा आवाज चिरकला. "अहो, ती बंद आहे!"

"होती. आता उघडली ना. ज्ञानकोशात तिचा कोड राखाडी असायचा, परवा मी बघितलं तर काळा झालेला. आमची सगळी पोरं त्यावरूनच ओळखतात. सरकारी पुस्तक वर्षातून दोनदा येतं, या बारक्या पट्ट्यांचं त्यात कोण लिहितंय! तुमच्या लेकीनंही आत्ताच विमानातून बघितलं, म्हणाली, हो ताई, काळा आहे, उतरते."

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"ताई, मधोमध चर आहे. आडवा चर खणलाय. तिला वर घ्या. आत्ताच्या आत्ता वर घ्या तिला!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घ्या हो तिला वर!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग रेडिओताईचा आवाज, लांबून, लेकीच्या विमानाला हाका मारणारा. एकदा. दोनदा. पाचव्यांदा. मधे नुसती खरखर. ती फोनवर परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. "डोंगराच्या आड गेलं की रेडिओ पोचत नाही, काका. मी बोलवत राहते. तुम्ही फोन ठेवा, मला लाइन मोकळी हवी."

काकू दारात उभ्या होत्या. हातात ओल्या कपड्यांची रास. खाली बसल्या आणि एकेक कपडा घडी घालायला लागल्या, ओलाच.

आणि लेबलकाका काय करत होते? ते संगणकापाशी जाऊन बसले होते. त्रेचाळिसावं पान उघडं होतं. त्यांनी कोड राखाडी केला. कारणाच्या जागी बोटांनी आपोआप लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. असं केल्यानं काही होणार नाही हे त्यांना पक्कं कळत होतं. तरी त्यांनी ते केलं, आणि पान पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले, दीड तास.

साडेअकराला फोन आला. लेक जिवंत होती. चराला चाक अडकून विमान पालथं झालं होतं. तिचा पाय दोन जागी मोडला होता, बरगड्यांना मार होता. मागं बसलेली नर्स जागच्या जागी गेली. अडलेल्या बाळंतिणीला वस्तीतल्या लोकांनी ट्रकमधून नेलं, ती वाचली की नाही ते काकांना कधी कळलं नाही. नर्सला मात्र ते ओळखत होते. लेकीच्या वाढदिवसाला ती घरी आली होती, डब्यांवरची लेबलं बघून पोट धरधरून हसली होती आणि म्हणाली होती, काका, आमच्या औषधाच्या कपाटाला एकदा येऊन असं करून द्या ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात लेकीशी बोलायला परवानगी मिळाली. एका वेळी एकच जण आत, म्हणून काकू बाहेर बाकावर बसल्या, आणि काका आत गेले.

खोलीत औषधांचा वास. लेकीचा पाय वर टांगलेला, ओठ सुजलेला. काकांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिनं डोळे उघडले, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे:

"बाबा, मी मारलं तिला."

"असं नाही बोलू बयो."

"चौकशीवाले आले होते सकाळी. विचारलं, बंद पट्टीवर का उतरलात? मी म्हटलं, मी पान बघितलं, कोड काळा होता. त्यांनी फोन काढून माझ्यासमोर धरला. राखाडी होता, बाबा. स्वच्छ राखाडी. मी बघितलं तेव्हा काळा होता. शप्पथ. ताईनंही बघितला होता, पण आता ती म्हणते, मला नक्की आठवत नाही. घाबरलीय ती. मला तर सगळं आठवतंय. तो कोड, ती ओळ, सगळं. मग असं कसं होईल? मला तेव्हा दिसलंच नाही का? का मला उतरायचंच होतं म्हणून मी काळा बघितला? रात्रभर तेच डोक्यात चाललंय. ती मागून म्हणत होती, दीदी, पट्टीवर काहीतरी आहे. मी म्हटलं, काही नाही, सावली आहे ढगाची."

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. छताकडे बघत ती एकसारखं बोलत होती, ताप चढल्यावर माणूस बोलतो तसं.

काकांना कळलं, की आत्ता ते गप्प बसले तर कुणालाही काही कळणार नाही. कोण कशाला जाऊन पानाचा जुना इतिहास उकरतोय? आणि उकरला तरी काय सापडेल, 'किरकोळ दुरुस्ती'. लेक बरी होईल, घरी येईल, त्यांच्याच खांद्याला धरून चालायला शिकेल. त्यांना बाबा म्हणेल. आणि आपण एका मैत्रिणीला मारलं, हे मनात घेऊन उरलेला जन्म काढेल. नाहीतर आत्ताच तिला सगळं सांगायचं. एवढी दोनच टोकं होती. तिसरं काही नव्हतं.

"काळाच होता," काका म्हणाले.

तिनं मान वळवली.

"तुला बरोबर दिसलं होतं. मी केला होता काळा. सगळ्याच पट्ट्यांचा केला." मग त्यांनी सगळं सांगितलं. नियमावली, कोंबड्याचा विरोध, त्यानं काय लिहिलं होतं ते शब्दाला शब्द, तो गेल्याचा निरोप, सेहेचाळीस पानं, रोजची चार. काल रेडिओताईचा फोन ठेवल्यावर पान राखाडी केलं तेही सांगितलं. मधे थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

लेक ऐकत होती. बाहेरून कुणाच्या तरी स्ट्रेचरची चाकं कुरकुरत गेली.

"काल सकाळी," ती म्हणाली, "मी खाण म्हटलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मी म्हटलं, बोल ना."

"हो."

"आणि तू विचारलंस, खाल्लंस का."

काकांनी मान हलवली.

तिनं त्यांच्या हाताखालून आपला हात काढून घेतला. हळूच काढला, सलाईनची सुई होती त्यात. मग भिंतीकडे तोंड केलं.

"आईला आत पाठव," ती म्हणाली.

काका उठले. दाराबाहेर काकू लगेच उभ्या राहिल्या, थर्मास तसाच बाकावर राहिला. "काय म्हणाली? बोलली का? अहो, काय म्हणाली?"

"तुला बोलावलंय," काका म्हणाले. त्या आत जाऊन दार लागेपर्यंत ते थांबले, आणि मग अपघाताच्या चौकशीची माणसं कुठल्या खोलीत बसतात ते विचारायला दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीकडे गेले.